पंखाच्या पलीकडून

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. कुणा मित्राच्या मित्राकडूनही ऐकलेली नाही. ती माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी घडली, आणि आत्या अजून आहे. ऐंशीच्या घरात आहे, पण डोकं शाबूत आहे. प्राथमिक शाळेत गणित शिकवण्यात तिची हयात गेली. तिखटमीठ लावून सांगण्याचा तिचा स्वभाव नाही.

आणखी एक. आमचं घर भुताखेतांना मानणारं नाही. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्याकडे ना कुणाला दृष्ट लागली, ना कुणाच्या अंगात आलं. असं काही बोलणाऱ्याला विमलआत्या समोर बसवून तासभर समजावायची.

म्हणूनच ही गोष्ट तिने चाळीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

साल १९८३. जानेवारीचा शेवटचा आठवडा. ठिकाण नाशिक, गंगापूर रोड.

आणि तुम्हाला वाटतंय तशी रात्र वगैरे नव्हती.

दुपारचे तीन वाजले होते. लख्ख ऊन पडलं होतं.

पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

विमलआत्याचे यजमान जयराम. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ओझरच्या विमान कारखान्यात ते कामाला होते. काम रिव्हेट मारण्याचं. विमानाचे पत्रे एकमेकांना जोडतात ते रिव्हेटने, म्हणजे धातूच्या बिनआट्यांच्या खिळ्याने. हे काम एकट्याचं नसतं. पत्र्याच्या एका बाजूला रिव्हेट ठोकायची हवेवरची गन घेतलेला माणूस, दुसऱ्या बाजूला डॉली घेतलेला. डॉली म्हणजे हातात मावेल असा पोलादी ठोकळा. इकडून गनचा मारा बसतो, तिकडून डॉलीचा दाब, आणि मधल्या रिव्हेटची शेपटी चपटी होऊन पक्की बसते.

दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये पत्रा असतो. गनच्या आवाजात हाकही ऐकू जात नाही. म्हणून डॉलीवाला पत्र्यावर टकटक करून सांगतो. एकदा वाजवलं तर आणखी मार. दोनदा वाजवलं तर ठीक, पुढे चल. तीनदा वाजवलं तर बिघडलं, काढून टाक.

मामांची डॉली धरायचा सहादू. हरसूलकडचा माणूस, डोंगराळ भागातला. अंगाने बारका, बोलणं कमी, हाताला मात्र घड्याळासारखा नेम. अकरा वर्षं ही जोडी होती. कारखान्यात लोक म्हणायचे, जयरामचा डावा हात सहादूच्या खांद्याला आहे.

देवळालीला एक म्हातारे पारशी डॉक्टर होते. त्यांनी हौसेने इंग्लंडहून छोट्या विमानाचा संच मागवला होता. एका आसनाचं विमान, इंजिनासकट सगळे भाग सुटे, घरी बसून जोडायचे. पेट्या बंदरातून सुटून हाती पडेपर्यंत डॉक्टरांची नजर गेली. पेट्या उघडून द्यायला त्यांनी या दोघांना बोलावलं होतं. दोघांनी पत्र्यांना ज्या तऱ्हेने हात लावला, ते बहुधा त्यांना ऐकूनच कळलं असावं.

"घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "फक्त जोडा. पेटीत ठेवू नका."

ऐंशी साली ते विमान विमलआत्याच्या परसात आलं. तेव्हा गंगापूर रोडला द्राक्षाचे मळे होते, घरं तुरळक. मामांनी घरामागे पत्र्याची शेड उभारली. सुट्टीचा दिवस आणि शिफ्टनंतरची दुपार, दोघं तिथेच. धड झालं. शेपूट झालं. डावा पंख झाला.

उजव्या पंखावर दोघांचं बिनसलं.

ब्याऐंशीचा उन्हाळा होता. सहादूचा हात त्या दिवशी थरथरत होता. मामांना वाटलं, हा पिऊन आलाय. ते काही बोलले नाहीत. पण सहादूने दोनदा वाजवल्यावर मामा उठले, पलीकडे गेले, आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घालून त्यांनी त्याचं एकेक रिव्हेट तपासलं.

सगळी चोख होती.

विमलआत्या चहा घेऊन दारातच उभी होती. सहादू काय म्हणाला ते तिने ऐकलं.

"अकरा वर्सांत कधी माझ्यामागं आरसा लावला नाय तू. बिघडलं असतं तर म्या तीन वाजवले नसते का?"

त्याने डॉली खाली ठेवली. चहा घेतला नाही. कारखान्यात त्याने शिफ्ट बदलून घेतली.

तो प्यायलेला नव्हता. त्याला कावीळ होत होती.

ऑक्टोबरात तो दवाखान्यात होता. अकरा दिवस. विमलआत्या रोज विचारायची, "जाऊन येता ना?" मामा म्हणायचे, "उद्या जातो." त्यांना राग नव्हता, लाज होती. काय तोंडाने जायचं, एवढंच. बाराव्या दिवशी जायचं काम उरलं नाही.

अंत्ययात्रेत मामा सगळ्यांच्या मागून चालले.

पुढे दोन महिने शेडला कुलूप होतं. मग आत्यानेच ते काढलं. घरात माणूस असा दगडासारखा बसलेला तिला बघवेना. तिची शाळा सकाळची, दुपार मोकळी. ती म्हणाली, "डॉली मी धरते. मला शिकवा."

ती शिकली. तिची बोटं बारीक, अडचणीत जायची. सहादूइतकं जमायचं नाही, पण जमायचं. पंख लाकडी चौकटीत उभा केलेला असे. मामा पत्र्याच्या बाजूला, आत्या आतल्या उघड्या बाजूला पाटावर बसलेली. टक टक. पुढे चल.

जानेवारीत मनमाडहून निरोप आला. आत्याची मावसबहीण शकुबाई तिथे असायची, नवरा रेल्वेत. शकुबाईचं ऑपरेशन होतं. आत्या चार दिवसांसाठी गेली. जाताना मामांना म्हणाली, "मी येईपर्यंत गनला हात लावू नका. एकट्याने पत्रा फाटेल."

चौथ्या दिवशी ती परतली. मी मघाशी सांगितली ती हीच दुपार.

ती फाटकातून आत आली आणि तिला गनचा आवाज ऐकू आला.

फर्रर्र…

तिच्या कपाळाला आठी पडली. पिशवी हातात तशीच धरून ती परसाकडे वळली.

फर्रर्र…

थांबलं.

मग…

टक. टक.

आत्याला वाटलं, मामांनी कारखान्यातलं कुणीतरी बोलावलं असेल. बरं झालं, एवढंच तिच्या मनात आलं. ती शेडच्या दारात गेली.

मामा गन घेऊन पत्र्याशी वाकले होते. पाठमोरे. पंखाच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत दीड हाताची फट होती. पलीकडे कुणी बसलं असेल तर त्याचे पाय दिसायचे.

पाय नव्हते.

पाट दिसत होता. रिकामा.

फर्रर्र…

टक. टक.

"पुढचं घेतो," मामा म्हणाले. मागे न बघता. अगदी रोजच्या आवाजात.

"अहो," आत्या म्हणाली.

मामा दचकले नाहीत. त्यांनी हळूच गन खाली केली आणि वळले. चेहरा घामाने भिजलेला होता. आत्याकडे बघून ते पंखाकडे बघायला लागले.

"तू कधी आलीस?"

"आत्ताच. मनमाडच्या गाडीने."

मामांनी बाहीने घाम पुसला.

"पलीकडे कोण होतं?" आत्याने विचारलं.

"मी बघितलं नाही," मामा म्हणाले. "परवा नुसतं लावून बघावं म्हणून एक मारलं. टकटक आली. मग मारत गेलो."

"परवापासून?"

"परवापासून."

आत्या पलीकडे गेली. दोन ओळी पूर्ण झाल्या होत्या. एकेक शेपटी सारख्या उंचीची, सारखी गोल. तिच्या हातून असं काम झालं नसतं. झालंच नव्हतं.

डॉली पाटाशेजारी जमिनीवर पडली होती. तिने उचलली.

डॉली कोमट होती.

सावलीतला लोखंडी ठोकळा. जानेवारीतला. आणि कुणीतरी आत्ताच हातातून ठेवावा तसा कोमट.

आत्याला वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला असणार. हेच दोन्ही बाजूंना पळत असतील आणि त्यांना कळत नसेल. गणिताची बाई ती. तिने ठरवलं, उद्या आपणच समोर बसून बघायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती पाटावर बसली. डॉली तिने हातात घेतली नाही. दोन हात लांब, समोर जमिनीवर ठेवली. दोन्ही हात मांडीवर. मामांना काही सांगितलं नाही.

समोर पत्रा होता. त्यातून एका रिव्हेटची शेपटी बाहेर आलेली. करंगळीच्या नखाएवढी, सरळ.

"मारतो," पलीकडून मामा म्हणाले.

तिने हात मांडीवरच ठेवले.

फर्रर्र…

डॉली नसेल तर काय होतं, तिला ठाऊक होतं. रिव्हेट थरथरतं आणि मागे सरकतं. पत्रा भांड्यासारखा वाजतो.

पत्रा वाजला नाही.

रिव्हेट सरकलं नाही.

तिच्या डोळ्यांसमोर, एका वितीवर… ती शेपटी हळूहळू दबत गेली. मेणाची असावी तशी. चपटी झाली, गोल झाली, बसली.

डॉली जमिनीवर होती. हलली नव्हती.

मग अगदी तिच्या उजव्या कानाशी…

टक. टक.

आत्या सांगते, ती ओरडली नाही. शेडच्या छपरावर पारवे घुमत होते, शेजारच्या मळ्यात पंप चालू होता, ऊन दारातून आत आलं होतं. सगळं रोजचं होतं. फक्त तिच्या शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं, आणि त्या श्वासाला दवाखान्यातल्या औषधांचा वास होता.

ती उठून बाहेर आली. मामा तिच्या मागे आले. दोघं विहिरीच्या कठड्याशी उभे राहिले.

"बघितलंस?" मामांनी विचारलं.

तिने मान डोलावली.

आणि मामा रडायला लागले. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, तिने त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

"मी गेलो नाही, विमल. पण तो आला."

त्यानंतर आत्या शेडमध्ये गेली नाही. जायची गरजही नव्हती. काम भरभर होऊ लागलं. मामा कामावरून येत, हातपाय धूत, आणि आत जात. ती स्वयंपाकघरातून ऐकायची. फर्रर्र. टक टक. मध्येच मामांचं बोलणं. कारखान्यातल्या गोष्टी, कुणाची बदली, कुणाचं लग्न. मग थोडं थांबणं. मग मामांचं हसणं.

ते चहाचे दोन कप मागायचे.

ती द्यायची. काय करणार? माणूस हसत होता. जेवत होता. दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा.

दुसरा कप तसाच परत यायचा. भरलेला. पण त्यावर साय धरलेली नसायची… कुणी सारखा फुंकत असावा तसा.

मार्चमध्ये पंख होत आला. आतली बाजू झाकणाऱ्या पत्र्याचीही रिव्हेटं बसली. हात जाईल एवढं एक झाकण तेवढं उघडं होतं. मामांनी विमान मनमाडकडे न्यायचं ठरवलं. शकुबाईच्या सासरची तिथे पडीक माळजमीन होती, सपाट, मैल दीड मैल.

"परवान्याचे कागद दिल्लीहून यायचेत," आत्या म्हणाली.

"उडवायचं नाहीये. नुसतं पळवून बघायचं."

मामा तरुणपणी ग्लायडर उडवायला शिकलेले होते. पळवायला घेतलेलं विमान ते जमिनीवर ठेवणार नाहीत, हे तिला न सांगता कळत होतं.

एका दुपारी मामा ट्रकवाल्याशी बोलायला गेले. आत्या शेडमध्ये शिरली. दीड महिन्याने. हातात टॉर्च आणि तो छोटा आरसा.

तिने झाकणातून आरसा आत घातला. टोकापासून सुरुवात केली. ओळीमागून ओळ. एकही वाकडं नाही. ती मोजत आली बुंध्यापर्यंत, जिथे पंख धडाला जोडला जातो. तिथे आत एक जाड पट्टी असते, पंखाचा कणाच म्हणायचा. सगळा भार त्या पट्टीवर.

पट्टीवर नऊ रिव्हेटं होती.

नऊच्या नऊ शेपट्या… सरळ उभ्या होत्या.

कोणी दाबलेल्याच नव्हत्या. नुसत्या भोकात घालून ठेवलेल्या.

तिने टॉर्च जवळ नेला. परत बघितलं. मग हात घालून बोट फिरवलं. बोटाला टोकं लागली, काड्यापेटीतल्या काड्यांसारखी. एक, दोन, तीन… नऊ.

त्या नऊ रिव्हेटांचा दिवस तिला आठवत होता. ती भाजी निवडत होती. नऊ वेळा गन वाजली होती. नऊ वेळा दोन दोन टकटक आली होती. ठीक. पुढे चल.

संध्याकाळी तिने मामांना सांगितलं.

मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला कसं दिसलं?"

"आरशात."

त्यांचा चेहरा उतरला.

"आरसा लावलास?"

"अहो, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. एकदा येऊन बघा. आरसा नको तर बोट लावून बघा."

"नाही."

"का?"

"एकदा लावला होता मी. परत लावणार नाही." ते उठले. "तो दोन वाजवतो म्हणजे ठीक आहे. मी एवढंच करू शकतो आता त्याच्यासाठी. विश्वास ठेवू शकतो."

आत्याने खूप समजावलं. रागावली, जेवली नाही. मामा हलले नाहीत.

शेवटी ती हरसूलला गेली.

सहादूची बायको नवसाबाई नवऱ्यामागे माहेरी परतली होती. आठवडी बाजाराचा दिवस होता, एस.टी. खचाखच भरलेली. नवसाबाई बाजारात नागली विकायला बसलेली भेटली. दोघी एका झाडाखाली गेल्या. आत्याने तिला टकटकीचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, शेवटचे दिवस कसे गेले?

नवसाबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"रोज इचारायचं, जयराम आला का? म्या काय सांगू, बाई? सांगायची, येऊन गेला, तुमी झोपलं व्हतं. मंग गप पडायचं. खाटंच्या दांडीवर चमच्यानं दोनदा वाजवायचं. मला काय कळायचं नाय ते काय. पर बरं वाटायचं त्यास्नी."

"अकरा दिवस?"

"धा दिवस. अकराव्या दिशी म्या तेच सांगितलं. तवा माझ्याकडं लय वेळ बघितलं. बोललं नाय. चमचा हातात व्हता, पर वाजवला नाय." तिने डोळे पुसले. "त्यास्नी कळलं व्हतं का वो, बाई? म्या खोटं बोलली ते?"

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन तिने हे सगळं मामांना जसंच्या तसं सांगितलं. मामा ऐकत होते तेव्हा त्यांच्या हातातला तांब्या कलत गेला आणि पाणी पायावर सांडलं. त्यांना कळलं नाही.

ते शेडमध्ये गेले. दार लावून घेतलं. आत्या दाराशी उभी राहिली.

आतून आवाज आला.

"सहादू. मी आलो नव्हतो रे. एकदाही नाही. वहिनी तुला बरं वाटावं म्हणून बोलल्या."

शांतता.

"तू प्यायलास असं वाटलं मला त्या दिवशी. म्हणून आरसा लावला."

शांतता…

आत्या म्हणते, आयुष्यात तिने एवढं कान देऊन काही ऐकलं नसेल. एक टक यावी. दोन याव्यात. तीन याव्यात. काहीतरी यावं.

काही आलं नाही.

बऱ्याच वेळाने मामा बाहेर आले. "डॉली गार पडलीय," ते म्हणाले. "आता नाही येणार तो."

खरंच, त्यानंतर टकटक आली नाही. मामांच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांना वाटलं, मिटलं. त्यांनी ते शेवटचं झाकणही स्वतः बसवलं आणि पक्कं केलं. आत बघायची वाटच बंद झाली. ट्रक रविवारी येणार होता.

आत्याची झोप उडाली. डोळे मिटले की त्या नऊ काड्या दिसायच्या.

मिटलं असेल तर ठीक. पण नसेल मिटलं तर? दहा दिवस त्याला खोटं ठीक सांगितलं गेलं होतं. आता तो कुणाला काय सांगत होता?

गुरुवारी मामा कारखान्यात होते. आत्याने शाळेत रजेचा अर्ज दिला आणि अकरा वाजता घरी आली.

तिने ड्रिल मशीन घेतलं. पंखाच्या बुंध्यापाशी, कण्याच्या पट्टीवर, पेन्सिलीने आडवी रेघ मारली. वर्गात फळ्यावर मारायची तशी. आणि त्या रेघेवर एकाला लागून एक भोकं पाडायला सुरुवात केली.

पहिलं भोक पाडून ती थांबली. तीन वर्षं. तो पत्रा तिने स्वतः धुतला होता, पुसला होता. डाव्या पंखाच्या टोकावर एका सुट्टीत तिने आणि मामांनी मिळून पांढरा रंग दिला होता.

दुसरं भोक. तिसरं. पत्रा मुकाट कापला जात होता.

तासाभरात पट्टी आरपार तुटली. आता हे विमान पळालं असतं, उडालं नसतं. तसा पंख दुरुस्त होत नाही, नवी पट्टी लागते, आणि ती इंग्लंडात.

तिने कापलेला पत्रा पकडीने उलटा वाकवला. आत ऊन पडलं. आता आरशाची गरज नव्हती.

नऊ रिव्हेटं होती.

नऊच्या नऊ… चपटी. गोल. घट्ट बसलेली. नव्या नाण्यांसारखी चमकत होती.

ती पाटावर बसली.

मामा चार वाजता आले तेव्हाही ती तिथेच होती. ड्रिल मांडीवर. काय सांगायचं ते तिने पाठ करून ठेवलं होतं.

मामा दारात थांबले. त्यांनी पंख बघितला. तिला बघितलं. ती ओरडा ऐकायला तयार होती.

ते ओरडले नाहीत. हळूहळू जवळ आले, गुडघ्यावर बसले, आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हात आत घालून मागच्या बाजूने फिरवला. रिव्हेटांकडे त्यांनी नजर टाकली की नाही, आत्याला आजही सांगता येत नाही.

पातळ पत्रा एकट्याने ड्रिल केला की मागून फाटतो. कडा दातेरी होतात, हात कापतो. दोन वर्षं काम केलेल्या माणसालाही ते चुकत नाही. मागून कुणीतरी लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून धरावा लागतो. भोक पडेल तसा तो ठोकळा पुढे सरकवावा लागतो. तरच कड साफ येते.

मामांनी आपला अंगठा उजेडात धरून बघितला. कुठे ओरखडा नव्हता.

"सफाईचं काम आहे," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "मागून कोणी धरलं होतं?"

आत्या एकटी होती. दार तिने आतून लावलं होतं, आणि मामा येण्याच्या वेळेला उघडलं होतं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

मामांनी मान हलवली.

विमान पुढे तुकड्यातुकड्याने गेलं. धड एका तंत्रशाळेला दिलं, बाकीचं भंगारात. मामांनी त्या दुपारबद्दल नंतर एका शब्दानेही विचारलं नाही, आणि ती नऊ रिव्हेटं शेवटी चपटी बसलेलीच निघाली हे तिनेही सांगितलं नाही. दोन हजार चारला ते गेले.

मी आत्याला म्हटलं, आरशात तुला त्या दिवशी चुकीचं दिसलं असेल. टॉर्चचा उजेड, सावल्या.

"डोळ्यांना दिसलं असेल चुकीचं," ती म्हणाली. "पण बोटाला लागलं होतं ना रे."

मग ती बराच वेळ आपल्या उजव्या हाताचं बोट अंगठ्याने चोळत बसली. दुपारचे तीन वाजले होते. मी खिडकी लावायला उठलो तर म्हणाली, राहू दे, उघडीच राहू दे.